भीमाशंकरच्या झाडांचा मांडव तुटू देऊ नये

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की भीमाशंकरच्या बातम्या सगळ्याच वृत्तपत्रांत येऊ लागतात. किती भाविक येतील, वाहनतळ कुठे असेल, एसटीच्या जादा गाड्या किती सुटतील, तळेघरच्या पुढे कोंडी झाली तर ती कशी सोडवणार, याची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. पण ज्या जंगलातून ही वाट जाते त्या जंगलाचा उल्लेख ‘निसर्गरम्य परिसर’ या दोन शब्दांपलीकडे फारसा जात नाही. २०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. त्र्यंबकेश्वरी आलेला भाविक जवळचे म्हणून भीमाशंकरचेही दर्शन घेऊन जाणार हे उघड आहे, आणि त्या गर्दीचे कारण पुढे करून घाटमाथ्यावरचा रस्ता आणखी रुंद करा, वळणे काढा, वाहनतळ वाढवा, अशी मागणी होणार हेही तितकेच उघड आहे. त्याआधीच काही गोष्टी लोकांसमोर याव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी आंबेगाव तालुक्यात तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत जीवशास्त्र शिकवले. दरवर्षी मुलांना घेऊन भीमाशंकरच्या जंगलात जात असे. निवृत्तीनंतर एकटी जाते. सांगायची गोष्ट एकच आहे. हे जंगल झाडांची संख्या मोजून राखता येणार नाही. झाडांचे शेंडे आणि फांद्या जिथे एकमेकींना भिडतात, तो वरचा सलग मांडव राखला तरच ते राहील. शंभर झाडे तोडून दुसरीकडे पाचशे लावली, हा हिशेब कागदावर बरोबर असेल. या जंगलात तो चुकतो.

का चुकतो, ते शेकरूकडे पाहिले की कळते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले ते मुख्यतः या प्राण्यासाठी. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. शेकरू आपला राज्यप्राणी असून भीमाशंकरकडच्या शेकरूला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३१ मध्ये. मुंबई इलाख्यात काम करणारे कर्नल सायक्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या नावावरून त्याचे नामकरण केले. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिक्या साईसारखे आणि अंगापेक्षा लांब, टोकाकडे पांढुरकी होत जाणारी झुपकेदार शेपटी. अंगणातल्या खारीचीच ही थोरली बहीण. पण खार दिवसातून दहा वेळा जमिनीवर उतरते आणि शेकरू होता होईल तो उतरतच नाही. त्याचे खाणे, झोपणे, घरटे बांधणे, पिल्ले वाढवणे, सगळे झाडावर. त्याचे रस्ते म्हणजे फांद्या. दोन फांद्यांत चार-पाच मीटरचे अंतर असेल तर तो सहज उडी घेतो. अंतर त्याहून फार वाढले की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात, एक तर मागे फिरायचे, नाही तर जमिनीवर उतरायचे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यालगतच्या फांद्या छाटण्याचे काम चालले होते. एका वळणावर जांभूळ आणि आंबा यांच्या फांद्या रस्त्याच्या वर एकमेकींत शिरल्या होत्या आणि तिथून शेकरू ये-जा करतात हे मला आधीच्या फेऱ्यांपासून ठाऊक होते. काम करणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या फांद्या बुंध्यापाशी साफ केल्या. त्यांना कोणी वेगळे काही सांगितले नव्हते, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वळणावर थांबले होते. एक शेकरू जांभळाच्या तुटलेल्या फांदीच्या खुंटापर्यंत आला. पुढचे पाय खुंटाच्या कडेला रोवून त्याने मान पुढे काढली, शेपटी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे टाकली, आणि अंगाचा धनुष्यासारखा बाक करून तो उडीच्या तयारीत बसला. उडी घेतली नाही. मागे वळून फांदीवर चार पावले गेला, परत आला, पुन्हा तसाच बसला. असे तीनदा झाले. मग तो खोडावरून डोके खाली करून उतरू लागला आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर थबकला, कारण खाली वडापावच्या गाडीमागे दोन कुत्री पडून होती. तो पुन्हा वर गेला. रस्त्यापलीकडच्या आंब्यावर त्याचे घरटे होते आणि त्यात पिल्ले होती की नव्हती हे मला कळू शकले नाही, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

घरट्यांविषयीही थोडे सांगायला हवे. शेकरू काड्या आणि हिरवी पाने यांचा मोठा गोल गोळा करून घरटे बांधतो आणि ते बांधतो फांद्यांच्या बारीक टोकांकडे, शक्यतो दोन झाडांच्या फांद्या जिथे गुंतल्या असतील तिथे. तिथपर्यंत जड शिकारी पोचू शकत नाही आणि संकट आले तर पळायला एकाहून अधिक वाटा असतात. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी कितीतरी घरटी बांधतो. काही राहण्यासाठी, काही रात्रीच्या निवाऱ्यासाठी, काही अर्धवट सोडलेली. त्यामुळे शेकरूची गणना करताना नुसती घरटी मोजून भागत नाही आणि एक घरटे वाचवले म्हणजे एक शेकरू वाचला असेही होत नाही. त्याला वर्षभर एकामागून एक फळणारी झाडे हवीत: उंबर, आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, पारजांभूळ. ही झाडे एकमेकांपासून दूर असली तरी चालते, पण त्यांच्यामधली वाट वरच्या वर जोडलेली असावी लागते. मागच्या पायांनी फांदीला उलटे लटकून, पुढच्या दोन पायांच्या ओंजळीत फळ धरून खाणारा शेकरू आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अर्धवट कुरतडलेली फळे आणि बिया तो खाली टाकत जातो. झाडाखाली त्यांचा सडा पडतो आणि त्यावर साळिंदर, भेकर आणि रानडुक्कर येतात.

मांडव म्हणजे नुसती शेकरूची वाट नव्हे. घाटमाथ्यावरचे हे जंगल निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही त्याची मुख्य झाडे. वाऱ्यामुळे ती फार उंच होत नाहीत, पण एकमेकांना इतकी बिलगून वाढतात की मे महिन्यातही खाली गारवा असतो. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास अंजनीच्या फांद्यांना, अगदी सालीला चिकटून, निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. अशी फुललेली फांदी डोळ्यांसमोर हात-दीड हातावर धरून एकदा नीट पाहावी. या झाडांच्या अंगावर शेवाळ, नेचे आणि आमरी (ऑर्किड) वाढतात, कारण पानांखाली अडकून राहिलेली ओल त्यांना लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सीतेची वेणी ही आमरी फुलते तीही अशाच फांद्यांवर. मलबारी राखी धनेश जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. शीळकरी कस्तुराची पहाटेची शीळ ऐकावी ती ओढ्याकाठच्या दाट सावलीत. ही सगळी मंडळी सावलीवर आणि ओलीवर जगतात. वरचा मांडव उघडला की पहिल्यांदा ऊन जमिनीपर्यंत येते, मग माती सुकते आणि एक-दोन वर्षांत त्या जागी रामेठा, घाणेरी, रानमोडी माजतात. रुंद केलेल्या कुठल्याही घाटरस्त्याच्या कडेला पाहा, हीच झाडे-झुडपे दिसतील. ‘हिरवे तर आहे’ असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. पण रामेठ्याच्या झुडपावरून शेकरू कुठेही जाऊ शकत नाही आणि घाणेरीच्या जाळीखाली जांभळाचे रोप वर येत नाही.

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. तो थेट मातीवर आदळला तर माती घेऊन जातो. पानांवरून, फांद्यांवरून, पालापाचोळ्यावरून उतरला तर जिरतो. इथे उगम पावणारी भीमा पुढे चासकमान आणि उजनी ही धरणे भरते, पंढरपूरला चंद्रभागा होते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा इथे करण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणते की आमच्याकडच्या माणसाला उतार, माती आणि पाऊस यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही, आणि म्हणून या उतारांवर यंत्रे लावण्याआधी आमच्या मनात भीती उभी राहते. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालातही भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांसाठी काढलेल्या रस्त्यांनी केलेल्या नुकसानीची दखल घेतली होती. पवनचक्कीला स्वतःला जागा थोडीच लागते. तिची अवजड पाती वर नेण्यासाठी कापलेला डोंगर मात्र भरून येत नाही.

या जंगलाचा बराचसा भाग अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून राखलेला आहे. तो राखला महादेव कोळी समाजाने, भैरवनाथाच्या, कळमजाईच्या, वरसूबाईच्या नावाने. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा जी गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात आली, ती इथल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊकच होती: देवराईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही. अशा एका देवराईत मी मुलांना गारंबीचा वेल दाखवायला नेत असे. त्याचे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, आणि शेंगा हातभर लांब. मुले त्या वेलावर बसत. तो कुठून उगवला आणि कुठे संपला हे एकदाही आम्हाला शोधता आले नाही, कारण तो मांडवातून मांडवातच फिरत होता. ज्या समाजाने हे राखले त्यालाच पुढे ‘अतिक्रमण करणारे’ म्हणून पाहिले गेले, हा अन्याय मी जवळून पाहिला आहे. हिरडा हे आमच्या आदिवासी कुटुंबांचे नगदी पीक. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली-उन्मळली तेव्हा त्या भरपाईसाठी लोकांना काही वर्षे झगडावे लागले. जंगलातले एक मोठे झाड पडले तर घरातले काय जाते, याचा हिशेब या लोकांना विचारावा. रस्त्याच्या आणि वाहनतळाच्या बैठकांत त्यांना मागच्या रांगेत बसवून चालणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. गेल्या काही वर्षांत पावसाळी रात्री ‘चमकणारे जंगल’ पाहायला येणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. ही चमक असते ती कुजणाऱ्या ओल्या लाकडावर वाढणाऱ्या बारीक बुरशीची. तिच्या पेशींत होणाऱ्या रासायनिक क्रियेतून मंद हिरवट प्रकाश बाहेर पडतो. दिसायला ते विलक्षण आहे, यात शंका नाही. पण तिच्यासाठी शेकडो माणसे अंधारात वाट सोडून पाचोळा तुडवतात, विजेऱ्यांचे झोत टाकतात, चमकणारी काटकी मोडून खिशात घालतात. खिशातली काटकी सुकते आणि विझते. त्याच रात्री रस्त्यावर गाड्यांच्या चाकांखाली खेकडे, बेडूक आणि क्वचित एखादा हिरवा चापडा साप चिरडलेला असतो. सकाळी लवकर चालत गेले तर ते सारे दिसते, दहा वाजेपर्यंत पावसाने धुऊन गेलेले असते. रात्रीच्या प्रवेशावर वन खात्याने बंदी घातली की पर्यटकांवर अन्याय झाल्याच्या प्रतिक्रिया येतात. मला ती बंदी योग्यच वाटते आणि ती काटेकोर पाळली जावी असे वाटते.

आता काय करता येईल. भाविकांना अडवा असे मी म्हणत नाही. मी स्वतः महाशिवरात्रीला दर्शनाला जाते आणि खांडसहून गणपती घाटाने चढून येणाऱ्या भाविकांना पाहून मला आनंदच होतो. अडवायची असतील तर ती खासगी वाहने. श्रावणात आणि महाशिवरात्रीला गाड्या मंदिराच्या अलीकडे काही किलोमीटरवर थांबवून पुढे एसटीने लोकांना नेण्याची पद्धत आहेच. हीच पद्धत वर्षभर, निदान शनिवार-रविवारी आणि संपूर्ण पावसाळ्यात, का नसावी? चाळीस माणसे एका बसमध्ये जातात. तीच माणसे मोटारींतून आली की आठ-दहा मोटारी होतात आणि मग आहे तो रस्ता अपुरा ठरतो. आधी मोटारी वर येऊ द्यायच्या, मग त्यांच्यासाठी रस्ता रुंद करायचा, मग रुंद रस्त्याने आणखी मोटारी येणार. हा फेरा अभयारण्याच्या हद्दीबाहेरच, तळेघरच्या अलीकडे, थांबवला पाहिजे. तिथल्या गावांना त्यातून वाहनतळाचे, खानावळीचे उत्पन्नही मिळेल.

रस्त्याची डागडुजी लागतेच. पण आहे त्याच रुंदीत मजबूत पृष्ठभाग, नीट चर आणि मोऱ्या, आणि जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर जुळतात तिथे कुऱ्हाड किंवा करवत अजिबात नाही, एवढा नियम लेखी झाला पाहिजे. बसच्या टपाला लागणारी खालची फांदी छाटायला हरकत नाही. वरची जुळलेली फांदी छाटण्याचे कारणच नाही, कारण ती कोणत्याही वाहनाला लागत नाही. हा फरक कंत्राटदाराच्या माणसाला जागेवर दाखवून द्यावा लागतो, कागदावरून तो कळत नाही. विजेच्या तारांसाठी दरवर्षी होणारी छाटणीही याच नियमाखाली यावी आणि जंगलातून जाणाऱ्या उघड्या तारांऐवजी आच्छादित तारा घ्याव्यात. जिथे मांडव तुटलाच आहे तिथे दोराचे पूल बांधता येतील. तमिळनाडूत वालपराईच्या रस्त्यावर सिंहपुच्छ माकडांसाठी असे पूल बांधले गेले आणि माकडे ते वापरतात. मात्र पूल हा तुटलेल्या जागी लावलेला टाका आहे, याची जाणीव ठेवावी. पुलाच्या दोन्ही टोकांना आंबा, जांभूळ, उंबर आणि पिसा यांचीच रोपे लावावीत. गुलमोहर आणि गिरिपुष्प लवकर वाढतात म्हणून ती या माथ्यावर आणू नयेत.

कायद्याचा आधार नवा शोधावा लागणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातील वन्यजीवांच्या अधिवासाचा नाश करता येत नाही. वन्यजीवांच्याच हिताचे असेल तरच तशी परवानगी देता येते. अधिवास या शब्दात फांदीवरची वाटही येते, असा अर्थ वन खात्याने उघडपणे घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत, भीमाशंकर नाही. म्हणजे बाहेरचे डोळे या जंगलावर तुलनेने कमी आहेत आणि इथे जे राखायचे ते आपल्यालाच राखायचे आहे.

निवृत्तीनंतरच्या फेऱ्यांत मी एक वही केली आहे. तळेघरपासून मंदिरापर्यंतच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या अजून कुठे कुठे जुळलेल्या आहेत, त्यातल्या कुठल्या जागांवरून शेकरू जाताना मी स्वतः पाहिला आहे, आणि कुठे नुकत्याच तुटल्या आहेत, हे किलोमीटरच्या दगडांच्या आधाराने त्यात टिपलेले आहे. ही वही पूर्ण आहे असा दावा नाही. बांधकाम किंवा वन खात्याच्या ज्या अधिकाऱ्यांना ती उपयोगी वाटेल त्यांना मी तिची प्रत देईन आणि त्यांच्याबरोबर ती सारी वाट पायी चालायलाही तयार आहे. सकाळी साडेसहाला निघावे, त्या वेळी शेकरू हमखास फिरत असतात. आपल्या दैनिकाच्या वार्ताहरांनीही सोबत यावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. आंबेगाव, जि. पुणे